केनमेअर स्ट्रीटवरची उघडी भिंत

"मावशी, ही तर नुसती भिंत आहे," भाचा म्हणाला. पत्ता बरोबर होता: ९७, केनमेअर स्ट्रीट, मॅनहॅटन. समोर फुटपाथला लागून लांबच लांब गेलेली करडी भिंत, तिच्यावर कोड्याच्या तुकड्यांसारखे काप. दार कुठलं तेही कळेना. सकाळची वेळ, आम्ही बघायला आलो होतो ती कला आणि वास्तुकलेची गॅलरी उघडायला अवकाश होता. न्यूयॉर्कमध्ये दुसरं काही राहिलं तरी चालेल पण हे बघायचंच, असं घरून ठरवून निघाले होते, म्हणून संध्याकाळी आम्ही पुन्हा आलो.

तेव्हा भिंत उघडली होती. एकूण बारा फळ्या. काही उभ्या आसावर फिरून दारासारख्या फुटपाथवर आलेल्या, काही आडव्या आसावर कलंडून अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. त्यातल्या एकीवर एक आजोबा हातातली पिशवी शेजारी ठेवून बाकावर बसावं तसे बसले होते. आमच्या पेठेत वाणी सकाळी दुकानाच्या फळ्या एकेक करून काढायचा आणि मग दुकान कुठे संपलं, रस्ता कुठे सुरू झाला हे सांगता येत नसे. त्याची फार आठवण झाली. या संस्थेचं नावही तसंच आहे: 'स्टोअरफ्रंट फॉर आर्ट अँड आर्किटेक्चर'. दुकानाची दर्शनी बाजू!

क्योंग पार्क यांनी १९८२ मध्ये प्रिन्स स्ट्रीटवर ती सुरू केली. १९८६ मध्ये ती इथे आली. शहरात जे पेटलेलं असेल ते भिंतीवर आणायचं, ही सुरुवातीपासूनची रीत. जवळच एल्ड्रिज स्ट्रीटवर अॅडम पर्पल नावाच्या माणसाने पडीक जागेत गोल गोल वाढत जाणारी बाग फुलवली होती. ती पाडून घरं बांधायचं ठरलं, तेव्हा १९८४ मध्ये स्टोअरफ्रंटने वास्तुकारांकडून आराखडे मागवून प्रदर्शन भरवलं: बाग ठेवूनही घरं बांधता येतील का? बाग वाचली नाही, १९८६ मध्ये ती सपाट झाली. पण विचारणारं कुणीतरी होतं, हे मला मोठं वाटतं.

आतली जागा म्हणजे पाचर. सुमारे शंभर फूट लांब, एका टोकाला वीस फूट रुंद आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन. त्या संध्याकाळी घरभाड्यांवर चर्चा होती. प्रवेश फुकट. खुर्च्या भरल्यावर लोक फुटपाथवर उभे राहिले, आणि ते बाहेर राहिले असं वाटलंच नाही. ट्रक गेला की बोलणारी बाई थांबायची, मग पुढे बोलायची. डिलिव्हरीवाला एक मुलगा सायकलवरून न उतरता, एक पाय जमिनीला टेकवून दहा मिनिटं ऐकत होता. सभागृहात तो कधी आला असता?

ही भिंत कलावंत विटो अकाँची आणि वास्तुकार स्टीव्हन हॉल यांनी १९९३ मध्ये केली, आणि तीही तात्पुरती म्हणून. फळ्या सिमेंटमध्ये पुनर्वापराचे तंतू मिसळून केलेल्या. न्यूयॉर्कचा हिवाळा अशा वस्तूला सोसत नाही: भेगेत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि भेग रुंदावते. पंधरा वर्षांत भिंत खंगली आणि २००८ मध्ये तिचं नूतनीकरण झालं.

तात्पुरत्या वस्तूचा जीर्णोद्धार करावा का? आपल्याकडे हा शब्द देवळांसाठी, शतकं पाहिलेल्या दगडांसाठी. इथे जेमतेम पंधरा वर्षांची भिंत. पण ती काढून तिथे काच बसवली असती, तर गॅलरी उरली असती आणि रस्ता तुटला असता. जपायचं होतं ते हे उघडणं. त्याला फिरणाऱ्या फळ्या लागतात. माझ्या मते योग्य केलं. आमच्या पेठेतल्या फळ्या गेल्या, शटरं आली, तेव्हा असा विचार कुणी केला नाही.

कार्यक्रम संपला. आजोबा पिशवी घेऊन उठले आणि ते बसले होते ती फळी आडवीची उभी झाली. तिथली दोन मुलं एकेक फळी ढकलून बंद करत होती. शेवटच्या फळीला भाच्यानेही हात लावला. "जड आहे गं," तो म्हणाला आणि दोन्ही हात लावले.