राजा येतोय, भिंत बांधा

अ‍ॅन बोलीनच्या सहलीला येणारी मंडळी लांबूनच ओळखू येतात. गळ्यात मोत्यांची माळ आणि तिला लोंबणारं सोनेरी 'बी' अक्षर, थेट तिच्या प्रसिद्ध चित्रातल्यासारखं. बहुतेक बायकाच. बऱ्याचशा अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आलेल्या. वाचन एवढं की गाइडला घाम फुटावा. मी मूळची मिरजेची, लग्नानंतर ब्रिस्टलला आले आणि आता इथल्या एका लहानशा कंपनीसाठी अशा सहली घेऊन हिंडते.

आमचा रस्ता १५३५ सालचा आहे. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची आणि त्याच्या दुसऱ्या राणीची, म्हणजे अ‍ॅनची, स्वारी विंडसरहून निघाली. ग्लॉस्टरशायर, विल्टशायर, हॅम्पशायर असे मुक्काम करत ती ऑक्टोबरच्या शेवटी परतली. आम्ही तेच सगळं आठवड्याभरात, वातानुकूलित बसमधून उरकतो. दिवसा शिकार, रात्री मेजवानी, असं या दौऱ्याचं चित्र पुस्तकांत रंगवलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण स्वारी निघाली त्याच सुमारास, ६ जुलैला, लंडनला टॉमस मोरचं, म्हणजे राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार देणाऱ्या त्याच्याच माजी चॅन्सलरचं, डोकं उडवलं गेलं होतं. रोमच्या पोपशी फारकत घेतलेला राजा आपल्या बाजूचे सरदार कोण आणि काठावरचे कोण हे बघत फिरत होता. ज्यांच्या घरी तो उतरला त्यांतले बरेच जण नव्या धर्मविचाराचे होते. तुमच्याकडे राजा राहिला, याचा अर्थ आसपासच्या गावांना न सांगता कळत असे.

मुक्कामांची यादी आधी पक्की होई. मग पुढची माणसं रवाना होत, कुलपं-किल्ल्या ताब्यात घेत, खोल्या बघत. राजाचा पलंग, पडदे, भांडीकुंडी गाड्यांवर लादून मागून येई. या गाड्या आणि बैल-घोडे वाटेतल्या लोकांकडून ठरलेल्या दराने घेतले जात आणि तो दर ठरवणार सरकार. धान्य-मांसाचंही तेच. मी स्वतः हॉटेलं, जेवणं आणि शौचालयाचे थांबे ठरवण्यात वर्षं घालवली असल्यामुळे अ‍ॅनच्या झग्यापेक्षा मला या व्यवस्थेचंच जास्त कौतुक. सहलीतल्या बायकांना मात्र झगा हवा असतो, आणि गिऱ्हाईक म्हणून तो त्यांचा हक्कच आहे.

ज्या दिवसाबद्दल लिहितेय तो थॉर्नबरीत सुरू झाला. थॉर्नबरीचा किल्ला आता हॉटेल आहे. हेन्री आणि अ‍ॅन इथे ऑगस्टमध्ये राहिले. खरं तर इथून त्यांना ब्रिस्टलला जायचं होतं, पण ब्रिस्टलमध्ये साथ पसरलेली. मग शहरातली प्रतिष्ठित मंडळीच इकडे आली. राजाला दहा धष्टपुष्ट बैल आणि चाळीस मेंढ्या. राणीला सोन्याचा मुलामा दिलेला, झाकणासकट चांदीचा पेला आणि त्यात शंभर मार्कांचं सोनं. नाश्त्याच्या टेबलावर हे सांगितलं की हमखास हशा पिकतो. चाळीस मेंढ्या घेऊन भेटायला येणारं शिष्टमंडळ डोळ्यांपुढे आणून बघा.

पण थॉर्नबरीत मला खरी सांगायची असते ती बांधणाऱ्याची गोष्ट. हा वाडा बकिंगहॅमचा तिसरा ड्यूक एडवर्ड स्टॅफर्ड याने बांधायला घेतला. राजाएवढ्या थाटाचा. विटांची कोरीव धुराडी आजही मान वर करून बघत राहावीत अशी आहेत, आणि त्यांवर १५१४ साल कोरलेलं आहे. ड्यूकच्या अंगात तिसऱ्या एडवर्ड राजाचं रक्त, त्यात असा वाडा, त्यात जिभेला हाड नाही. हेन्रीने त्याला लंडनला बोलावून घेतलं आणि १७ मे १५२१ रोजी टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. वाडा अर्धाच राहिला आणि राजाच्या खिशात गेला. चौदा वर्षांनी राजा बायकोला घेऊन त्याच वाड्यात सुट्टीला आला. मी हे सांगून थांबते, आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, "अ‍ॅन नक्की कुठल्या खोलीत झोपली?"

त्या दिवशी बसमध्ये चर्चा भलतीकडे गेली. मागच्या बाकावरच्या बाईंचं ठाम मत की अ‍ॅनला शेवटच्या खेपेला दिवस गेले ते याच प्रवासात, आणि बहुधा आपण आज बघतोय त्याच घरात. अशा वेळी मी बोटं मोजून दाखवते. गर्भपात २९ जानेवारी १५३६ ला झाला, त्याच दिवशी पीटरबरोला आधीच्या राणीचं, कॅथरीनचं दफन होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या राजदूताच्या पत्रात गर्भ साडेतीन महिन्यांचा म्हटलाय. मागे जाऊन बघा, ऑक्टोबरचा मध्य येतो. तेव्हा स्वारी हॅम्पशायरमध्ये होती. बाई थोड्या हिरमुसल्या. पण "इथेच, बरं का, अगदी इथेच" असं म्हणत लोकांना खूश करणाऱ्या गाइडांचा मला मनापासून राग आहे, त्यामुळे इलाज नव्हता.

अ‍ॅक्टन कोर्ट थॉर्नबरीपासून जेमतेम सहा-सात मैलांवर, आयर्न अ‍ॅक्टन गावाच्या कडेला. बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. एखादं थोरलं, उदास शेतघर. आत सामान नाही, पलंग नाही, मखमली दोऱ्या नाहीत. उन्हाळ्यातले ठरावीक दिवस ते आधी नाव नोंदवणाऱ्यांसाठी उघडतात. आमच्या मंडळींचा उत्साह इथे नेहमी मावळतो. वाड्यातल्या हॉटेलातून उठून रिकाम्या खोल्यांत यायचं म्हणजे साहजिकच.

इथला मालक निकोलस पॉइंट्झ. वय पंचविशीच्या आसपास, वडील वारल्यावर नुकती मालमत्ता हातात आलेली. राजा येणार म्हणून त्याने आपल्या खंदकाच्या जुन्या घराला पूर्वेकडे एक संपूर्ण नवी बाजू जोडली, वरच्या मजल्यावर एकीला लागून एक अशा राजेशाही खोल्या काढल्या, त्या काळी अगदी नव्या असलेल्या इटालियन-फ्रेंच धाटणीची चित्रपट्टी भिंतीवर रंगवून घेतली. हे सगळं नऊ-एक महिन्यांत. लाकडाच्या वर्तुळांचा अभ्यास झाला तेव्हा तुळयांची झाडं १५३५ च्या वसंतात तोडलेली निघाली. उत्खननात व्हेनिसची काच आणि स्पेन-इटलीची भांडी सापडली. घरात होतं नव्हतं ते सगळं टेबलावर मांडलेलं दिसतंय. राजा-राणी राहिली दोन रात्री. आपल्याकडे मंत्री येणार म्हटल्यावर रातोरात रस्त्याला डांबर लागतं ना, त्याचीच ही पाच शतकांपूर्वीची आवृत्ती. फक्त डांबर इतकं टिकत नाही.

गटात यॉर्कशायरचं एक जोडपं होतं. बायको अ‍ॅनची भक्त. नवरा, बायको आली म्हणून आलेला. सत्तरी ओलांडलेला, रुंद हातांचा, उभा जन्म गिलाव्याच्या कामात गेलेला माणूस. तोवर त्याने माझ्याशी बोललेली वाक्यं म्हणजे "चहा कुठे मिळेल" आणि "बस किती वाजता". वरच्या खोलीत सगळ्यांच्या माना चित्रपट्टीकडे वर वळलेल्या, आणि हा मात्र खिडकीजवळच्या भिंतीशी डोळे बारीक करून उभा. हात लावायची मनाई असल्यामुळे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

तिथल्या माहितगार बाईंनी नऊ महिने म्हटलं तसा तो वळला.

"नऊ कुठले? ऑगस्टमधून नऊ मागे मोजा. अर्धा वेळ हिवाळ्यात गेला. थंडीत चुन्याचं काम करत नाहीत. गोठला की मेला. खरं काम मार्चपासून पुढे. पाच महिने धरा."

कोणी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "आणि एवढ्या जाडीची भिंत. वरचा गिलावा वाळलेला दिसतो, पण आतला चुना वर्षभर ओलाच असतो. तो उन्हाळा कसा होता?"

मी म्हटलं, पावसाचा. पीक बुडालं होतं, आणि राजाच्या लग्नाला देव कोपला असं लोक बोलत होते.

"झालं तर मग," तो म्हणाला. "तुमचा राजा ओल्या खोलीत झोपला."

गळ्यात 'बी' घातलेल्या टेक्सासच्या एक बाई त्याच्या जवळ सरकल्या. "म्हणजे अ‍ॅनला इथे थंडी वाजली असेल?"

"थंडी नाही हो, ओल. आणि वास. ताज्या चुन्याचा वास नाकात बसतो. अंथरुणं दमट लागतात. माझ्यावर ही वेळ आली असती तर मी महिनाभर आधीपासून रात्रंदिवस शेगड्या पेटवून ठेवल्या असत्या आणि एक पोरगा नुसता कोळसे घालायला बसवला असता. खालच्या अंगाला पडदे टांगतात म्हणालात ना? ते शोभेचे असतील, पण मालकाच्या जिवात जीव आला असेल. चित्र बघा कुठे काढलंय. वर. जिथे भिंत आधी वाळते."

मी ही जागा कितीतरी लोकांना दाखवली आहे. चित्रपट्टीची शैली, दरबारातल्या कारागिरांशी तिचं नातं, दरबारी चित्रकार होल्बाइनने काढलेलं पॉइंट्झचं रेखाचित्र, सगळं तोंडपाठ. पण त्या घरात मार्च ते ऑगस्ट काय चाललं असेल, घमेली किती फिरली असतील, पावसाळी जुलैत पॉइंट्झ रोज सकाळी भिंतीवर तळहात ठेवून बघत असेल का, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि एक गोष्ट तिथे उभ्याउभ्याच जुळली. स्वारीची यादी उन्हाळ्याच्या तोंडावर पक्की झाली. म्हणजे पॉइंट्झला कुणकुण फार आधी लागलेली असणार, किंवा त्याने नुसत्या कुणकुणीवर घर मोडून बांधायला काढलं. दोन्हींतलं काहीही असो, माणूस साधा नव्हता.

ज्या खोलीत आम्ही वीस मिनिटं थांबतो तिथे तासभर गेला. माहितगार बाईंनी वहीच काढली. एकीने विचारलं, खिडक्या एवढ्या मोठ्या कशाला? "काच दाखवायला," तो म्हणाला, "आणि खोली वाळवायला." त्याच्या बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता. सकाळपर्यंत ती त्याला कोपराने ढोसून "जरा लक्ष दे" म्हणत होती.

बसचालक घड्याळ दाखवू लागला तेव्हा कुठे आम्ही निघालो. पुढचा लिटल सॉडबरीचा थांबा त्यामुळे आखडता घ्यावा लागला. तसंही तिथलं घर खाजगी आहे. मी बसमधूनच सांगितलं: राजा अ‍ॅक्टनहून इथे आला, सर जॉन वॉल्शकडे. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच घरात विल्यम टिंडेल मुलांना शिकवायला होता. पुढे त्याने बायबल इंग्रजीत आणायला घेतलं. राजा-राणी इथे पाहुणचार घेत होती तेव्हा तो ब्रसेल्सजवळच्या तुरुंगात होता आणि पुढच्या वर्षी त्याला मारलं. त्याने इंग्रजीत आणलेल्या नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, १५३४ ची प्रत राणीच्या संग्रहात होती, ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. एरवी या माहितीवर बरीच हळहळ होते. त्या दिवशी मागून आवाज आला, "पण हे घर जुनंच होतं ना? म्हणजे इथे तरी कोरडी झोप मिळाली असेल."

रात्री जेवताना सगळ्यांना पॉइंट्झचं पुढे काय झालं ते हवं होतं. अ‍ॅनचं नव्हे, पॉइंट्झचं! माझ्या कामात हे पहिल्यांदाच घडत होतं. मी सांगितलं: त्याच वर्षी तो 'सर' झाला. नऊ महिन्यांत, १९ मे १५३६ ला, अ‍ॅनचं डोकं गेलं, याचं काही बिघडलं नाही. १५५६ पर्यंत जगला, घर आणखी वाढवत राहिला. वंश १६८० मध्ये संपला, मग घर कुळांकडे गेलं, कोणाकडेच ते पाडून नव्याने बांधण्याएवढा पैसा नव्हता, म्हणून त्या भिंती राहिल्या. १९८० च्या दशकात ते वाचवलं गेलं तेव्हा मोडकळीला आलं होतं.

"बकिंगहॅमने स्वतःसाठी बांधलं आणि मेला," टेक्सासच्या बाई म्हणाल्या. "याने राजासाठी बांधलं आणि सर झाला. सहा मैलांत दोन निकाल."

"लाचार होता तो," दुसरी म्हणाली.

"हिशेबी होता," यॉर्कशायरची बायको म्हणाली. "दोन रात्रींच्या खर्चात जन्माची सोय केली."

यावर टेबलाचे सरळ दोन तट पडले. मला विचाराल तर मी हिशेबीच्या बाजूची, पण गाइडने तट धरायचा नसतो. शिवाय सामान सकाळी आठला खाली आणायचंय हे सांगायचं राहिलं होतं, ते मी मधेच ओरडून सांगून घेतलं.

आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या काय आहे, पोरी?"

"वुल्फ हॉल. पुढे जेन सीमोर राणी झाली ना, तिच्या वडिलांचं घर. मूळ घर फारसं उरलेलं नाही. पण जमिनीखाली विटांनी बांधलेली ट्यूडर काळातली गटारं सापडली आहेत."

"गटारं?" त्यांनी सुरी-काटा खाली ठेवला. "विटांमधले सांधे कशाने भरलेत?"