शिट्टी रेसबरोबर चढते तेव्हा

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) नवा होता आणि डेकच्या (डॅशबोर्डातल्या म्युझिक प्लेअरच्या) पॉझिटिव्ह वायरमध्ये चोक फिल्टर, म्हणजे पुरवठ्यातला कचरा गाळणारी कॉइल, बसवलेला होता. डॅशबोर्डच्या कप्प्यात काढून ठेवलेला एक ग्राउंड लूप आयसोलेटरही होता, म्हणजे वायरची सरळ जोड तोडून सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून पुढे नेणारा छोटा डबा. शिट्टी मात्र जशीच्या तशी. इंजिन चालू केलं की स्पीकरमधून ‘सूंऽऽ’ सुरू, आणि रेस दिली की तिचा सूर वर चढायचा. मालक काका शांतपणे म्हणाले, “तीन ठिकाणी दाखवून झालंय. गाणं मोठं लावा, ऐकू येणार नाही, असंही एकाने सांगितलं.”

हे वाक्य मला लागलं. काका संथ, मोकळ्या जागा असलेलं संगीत ऐकतात. त्यांना मोठं लावायला सांगणं म्हणजे त्यांनी गाडीत गाणं ऐकूच नये असं सांगण्यासारखं आहे.

ही शिट्टी कानाला एवढी का टोचते, ते आधी सांगतो. अल्टरनेटर तीन फेजचा एसी तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. पण तो डीसी सपाट नसतो, त्यावर बारीक लाटा उरतात. बारा पोलच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्याला अशा 36 लाटा येतात. पुलीमुळे तो इंजिनपेक्षा दोन-अडीच पट वेगाने फिरतो. अडीच पट धरलं, तर 800 आरपीएमच्या आयडलला (रेस न देता) शिट्टी साधारण 1200 हर्ट्झची, आणि 3000 आरपीएमला 4500 च्या आसपास. माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो याच पट्ट्यात. त्यामुळे चार-पाच मिलिव्होल्टचा कचरा सिग्नलमध्ये शिरला तरी तो लपत नाही.

म्हणून सगळे अल्टरनेटरला दोष देतात. पण लाटा प्रत्येक गाडीत असतात. त्या सिग्नलमध्ये शिरल्या कुठून, हे शोधायला हवं. अल्टरनेटर बदलण्याआधी इंजिन चालू ठेवून, लाइट लावून बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजायला अर्धं मिनिट लागतं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडवर संशय घ्यावा. काकांना विचारलं, तर हे कोणीच मोजलं नव्हतं. नव्या अल्टरनेटरवर मी मोजलं, शंभर मिलिव्होल्टच्याही आत होतं. “आधीची शिट्टी आणि आताची, काही फरक?” काका म्हणाले, “अजिबात नाही.” डायोड गेलेला असता तर आधीचा आवाज जाडा, घोगरा असता. जुना अल्टरनेटर बहुधा धडधाकटच होता, पण तो आता तपासायला मिळणार नाही.

मग माझा नेहमीचा क्रम. आवाज शून्यावर नेला, शिट्टी तेवढीच. म्हणजे कचरा व्हॉल्यूमच्या पुढे कुठेतरी शिरतोय, गाण्याच्या फाइलमधून किंवा रेडिओतून नाही. डिकीत स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्पच्या इनपुटवरून आरसीए (डेककडून सिग्नल आणणाऱ्या केबल) काढल्या आणि शॉर्टिंग प्लग लावून इनपुट बंद केले, पूर्ण शांतता. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर थेट अ‍ॅम्पला जोडला, गाणं स्वच्छ. अ‍ॅम्पची आतली सर्किट संशयातून सुटली. पॉवर केबल डावीकडून, आरसीए उजवीकडून, दोन्ही एकमेकींपासून लांब. ज्याने मूळ वायरिंग ओढलं, त्याचा हात चांगला होता.

तेवढ्यात काका सहज म्हणाले, “तो डबा लावला होता ना, तेव्हा शिट्टी खूप कमी झाली होती. पण गाणारा माणूसच गेला. मागचं वाजवणं ऐकू यायचं, मधला आवाज नाही. म्हणून काढायला लावला.”

मी हातातलं काम थांबवलं. स्वस्त आयसोलेटरमधले छोटे ट्रान्सफॉर्मर बेस पातळ करतात, हे रोजचं आहे. पण ते गाणाऱ्याला गायब करत नाहीत. मुख्य गायक डाव्या आणि उजव्या चॅनलमध्ये सारखाच असतो. तो नाहीसा झाला याचा अर्थ दोन चॅनलमधला फक्त फरक वाजत होता. आणि असं होतं ते दोन्ही आरसीएंची शील्ड (केबलवरची बाहेरची जाळी, सिग्नलची परतीची वाट) एकमेकींना जोडलेली असूनही डेकच्या ग्राउंडपासून तुटलेली असते तेव्हा. आयसोलेटरने पुढची जोडही तोडलेली, त्यामुळे सिग्नलला परतायला वाट नाही, म्हणून डावा चॅनल उजव्यातून परततो आणि दोघांतलं जे समान ते कटतं. आधीच्या दुकानात याच तक्रारीवर ‘माल हलका निघाला’ असं उत्तर मिळालं होतं. ग्राहकाच्या वर्णनात रोगाचं नाव लिहिलेलं असताना आपल्या धंद्यातली माणसं ते ऐकत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

डेक बाहेर काढला. आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून डेकच्या बॉडीपर्यंत मीटर लावला. एक ओहमच्या आत यायला हवं होतं, मीटरने ओपन दाखवलं, म्हणजे जोडच नाही. काही डेकमध्ये आरसीएच्या ग्राउंडला बोर्डावरच तांदळाएवढा फ्यूज असतो. तो उडाला की गाणं बंद पडत नाही, सिग्नल अ‍ॅम्पच्या अर्थवरून (बॉडीला कसलेल्या निगेटिव्ह वायरवरून) गाडीच्या बॉडीतून लांबच्या वाटेने परततो. पण त्या वाटेवर अल्टरनेटरच्या लाटा बसलेल्याच असतात. डेकचं शून्य आणि अ‍ॅम्पचं शून्य यांतला सगळा फरक सिग्नलमध्ये मिसळतो. कड्यापासून बॉडीपर्यंत वायरचा तुकडा टेकवला, शिट्टी एकदम खाली आली.

खाली आली, पण गेली नाही.

माझा सहकारी तोपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापवून उभा होता. “दादा, बाहेरून वायर मारून देऊ, झालं.” त्याचं चुकत नाही, बहुतेक ठिकाणी हेच करतात. पण फ्यूज उगाच उडत नाही. चालू सिस्टिममध्ये आरसीए काढली-घातली की उडतो, किंवा शील्डमधून भलता करंट गेला की. उरलेल्या बारीक शिट्टीमुळे मला दुसरं कारण खरं वाटत होतं.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलपर्यंत लांब वायर घेऊन मीटर लावला आणि बेस असलेलं गाणं मोठ्याने वाजवलं. अर्थ नुसता ओहममध्ये मोजू नये. साधा मीटर मिलिओहम पकडत नाही, करंट वाहत असतानाचा व्होल्टेज ड्रॉपच (वाटेत किती व्होल्ट गळतात ते) खरं सांगतो. ठोक्याबरोबर आकडा 0.6 व्होल्टपर्यंत जायचा. चाळीस अँपिअर धरले तर पंधरा मिलिओहम. अर्थसाठी हे फार झालं.

अर्थचा लग (वायरच्या टोकाचं कडं) मागच्या सीटच्या ब्रॅकेटवर कसलेला होता. बोल्ट खोलला, तर खाली रंग शाबूत. एवढ्या निगुतीने केबल ओढणाऱ्याने शेवटच्या बोल्टखालचा रंग खरवडला नव्हता! सगळा संपर्क बोल्टच्या आट्यांतून, आणि लग बोटाने हलत होता.

“काका, शिट्टी नक्की कधी सुरू झाली?” त्यांना लख्ख आठवत होतं. गाडी खड्ड्यात आदळली, गाणं बंद. थोड्या वेळाने आणखी एका खड्ड्यात परत सुरू, आणि तेव्हापासून शिट्टी. याआधी हा प्रश्न त्यांना कोणीच विचारला नव्हता.

आता साखळी जुळली. या अ‍ॅम्पमध्ये आरसीएची शील्ड आणि पॉवरचा अर्थ आतून थेट जोडलेले आहेत, ते मीटरवर तपासलं. अर्थ सुटला त्या क्षणी अ‍ॅम्पचा परतीचा करंट आरसीएच्या बारीक शील्डमधून डेककडे धावला आणि फ्यूज गेला. तो नसता तर बोर्डावरचे ट्रॅक जळाले असते, कदाचित डॅशबोर्डामागची वायरही.

ब्रॅकेटची जागा सोडली. फ्लोअरच्या पत्र्यावर, खाली टाकी किंवा पाइप नाही हे बघून, चकचकीत धातू दिसेपर्यंत रंग काढला. पॉवरच्याच जाडीची आखूड केबल, क्रिंप केलेला लग, दातेरी वॉशर, वरून गंज अडवणारा थर. तेच गाणं, तोच आवाज, आता पन्नास मिलिव्होल्टच्या आत. चोक फिल्टर काढून टाकला. त्याचं तिथे काही काम नव्हतं.

राहिला फ्यूज. सहकाऱ्याचं म्हणणं अजूनही तेच आहे. अर्थ पक्का केलाय ना, मग वायरने काय बिघडतं? बारीक फ्यूजवर ग्राहक पुन्हा अडकला तर त्याला परत शिट्टी. या बोलण्यात तथ्य आहे. काकांना पुन्हा फिरावं लागलं तर मला फार वाईट वाटेल. तरीही मी डेक उघडून त्याच रेटिंगचा फ्यूज टाकला. कारण उद्या दुसऱ्या कोणी सीट काढताना तो अर्थ सैल केला, तर वायर काहीच न बोलता करंट वाहून नेईल, फ्यूज निदान शिट्टी तरी वाजवेल. काकांना हे दोन्ही पर्याय समजावून सांगितले होते. त्यांनी एकच विचारलं, “शिट्टी आली तर लगेच गाडी आणायची, एवढंच ना?” मी हो म्हणालो, आणि अर्थची जागा व मोजलेला ड्रॉप कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला.