साताऱ्याचा वारा आणि विनामूल्य भटकंती

सुट्टीत साताऱ्याला येणारे पाहुणे फुलांच्या दिवसांत कासचे तिकीट काढतात, दुपारी जेवून परततात आणि सातारा पाहिल्याचे सांगतात. कास पाहावेच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु या शहराचे खरे वैभव असलेला वारा अंगावर घेण्यासाठी कोणालाही एक रुपया मोजावा लागत नाही, ही गोष्ट त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीची भिंत चढून वर येतात, घाटमाथ्यावर पाऊस टाकतात आणि उरलेल्या जोराने मोकळ्या पठारांवरून पूर्वेकडे धावतात. या वाटेवरच आपले शहर वसले आहे. आषाढात छत्री उलटी होणे येथे कोणाला नवे वाटत नाही.

सुरुवात चार भिंतींपासून करावी. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील हे स्मारक १८५७ च्या स्वातंत्र्यसमरातील वीरांचे आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सातारच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड देण्यात आला, आणि त्या उठावाचे सूत्रधार रंगो बापूजी गुप्ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. सायंकाळी येथे गर्दी होते ती मुख्यतः गप्पांसाठी आणि खाली पसरलेले शहर पाहण्यासाठी, आणि त्यात गैर काही नाही; मात्र मुलांना बरोबर नेले असेल, तर हे स्मारक कोणाचे आहे एवढे तरी त्यांना अवश्य सांगावे.

तेथून पुढे अजिंक्यतारा. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंचीच्या या किल्ल्याच्या दारापर्यंत डांबरी रस्ता गेलेला आहे, तरीही पायी चढण्याचा आग्रह मी धरते, कारण चढताना वारा कुठे अडतो आणि कुठे अचानक अंगावर येतो, हे गाडीत बसून कळत नाही. दरवाजाच्या आत बुरुजांच्या आडोशाला हवा अगदी पडलेली असते. दहा-वीस पावले पुढे जाऊन तटाजवळ उभे राहिले की ओढणी सावरताना दोन्ही हात गुंततात. पावसाळ्याच्या शेवटी तटावरचे गवत गुडघ्याएवढे वाढलेले असते, आणि वाऱ्याचा प्रत्येक झोत त्यातून जाताना आधी पाते वाकवतो, मग त्याची फिकट मागची बाजू दाखवतो, त्यामुळे वारा कोठून कोठे चालला आहे हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. लहान मुले हा खेळ बराच वेळ पाहत बसतात, असा माझ्या भाचरांचा अनुभव आहे.

याच गडाला औरंगजेबाने १६९९ च्या डिसेंबरात वेढा घातला आणि तो हाती येण्यासाठी त्याला पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावे लागले. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो लढवला. मोगलांनी पेरलेल्या सुरुंगाने कोसळलेला तट त्यांच्याच सैन्यावर पडला. पुढे १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला. महाराणी ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष, मंगळाईचे देऊळ आणि तळी पाहत गडाला पूर्ण फेरी मारावी. हवा स्वच्छ असेल तर यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर, चंदन-वंदन ही सगळी नावे एकेका डोंगराकडे बोट दाखवून सांगता येतात. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. डोंगरांची नावे फलकावर वाचण्यापेक्षा आजोबांच्या तोंडून ऐकलेली अधिक काळ लक्षात राहतात, असे मला मनापासून वाटते.

सज्जनगडाविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. समर्थ रामदासस्वामींनी १६८२ मध्ये येथे देह ठेवला. दर्शन विनामूल्य आहे, दुपारी महाप्रसादाची पंगतही विनामूल्य असते. बहुतेक मंडळी समाधीचे दर्शन घेऊन पायऱ्या उतरतात, ती तशी उतरू नयेत. गडाच्या टोकाला कड्यालगत धाब्याच्या मारुतीचे छोटे मंदिर आहे, तेथपर्यंत चालत जावे. खाली उरमोडीचे पाणी पसरलेले दिसते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला मध्ये अडवणारे काहीच नसते. पावसाळ्यात मात्र लहानांचा हात घट्ट धरावा.

माझी सर्वांत आवडती जागा चाळकेवाडीचे पठार. ठोसेघरच्या पुढे जाणारा रस्ता वर चढला की पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात आणि त्या पाटण तालुक्यातील वनकुसवड्याकडे पसरत जातात. इंधनाचा खर्च तेवढा आपला. रस्त्याच्या कडेला उभे राहून हे सारे पाहण्यास कोणी पैसे मागत नाही. पवनचक्कीच्या कुंपणाला शिवू नये, पण उन्हाच्या वेळी रस्त्यावरूनच तिच्या पात्याच्या सावलीकडे लक्ष द्यावे. ती गवतावरून सरकत येते, क्षणभर आपल्याला झाकते आणि निघून जाते, आणि प्रत्येक पाते खाली येताना हवा कापल्याचा आवाज ऐकू येतो. वारा फार मंद असला तर चक्की फिरत नाही आणि वादळी झाला तर ती मुद्दाम थांबवावी लागते, हे मुलांना सांगितले की ती लगेच मोजू लागतात, कोणती फिरते आहे आणि कोणती नाही.

याच पठारावर जांभ्या दगडांत एक सुंदर सरडा राहतो. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, नर एखाद्या दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो. त्यावर निळा, काळा आणि नारिंगी असे रंग असतात, आणि पंखा मिटला की तोच प्राणी मातीच्या रंगात दिसेनासा होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी, म्हणून हे सरडे संख्येने जास्त आणि माणसाला कमी भिणारे, पण नरांचे रंग मात्र फिके. एका यंत्रामुळे पक्षी दूर गेले आणि त्याचा परिणाम सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येते, याचे मला अजूनही नवल वाटते. त्यांना पकडू नये, दगड उलटे करू नयेत. लांब बसून वाट पाहिली तर पंखा दिसतो. पाऊस सरत आला की याच जांभ्यावर तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे फुलतात. तेव्हा रस्ता सोडून फुलांवर पाय देऊ नये.

ज्यांना वारा सोसत नाही, विशेषतः कानाचा त्रास असणाऱ्या आत्या-मावशींना, त्यांना घेऊन शहराच्या पूर्वेला माहुलीला जावे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर नदीच्या काठाशी हवा सौम्य असते आणि दगडी घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसता येते. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ येथेच आहे. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच गावचे. मुलांना शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवावी; त्याने महाराजांना वाघापासून वाचवले अशी आख्यायिका सांगतात. पावसाळ्यात नदीला पाणी वाढलेले असेल तर खालच्या पायऱ्यांवर उतरू नये, देवळाच्या आवारातूनच संगम पाहावा.