आईने चीटिंग केली

ब्रिमफील्डच्या बाजारात (मॅसॅच्युसेट्समधला जुन्या वस्तूंचा बाजार, वर्षातून तीनदा भरतो, पाय मोडतात फिरून) यंदा मला एक पास्टाइम पझल मिळालं, म्हणजे लाकडी तुकडे जुळवून चित्र पुरं करायचं कोडं. पार्कर ब्रदर्सचं, म्हणजे पुढे मोनोपॉली काढली तीच, मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलमची कंपनी. 1909 मध्ये या लाकडी पझल्सना एवढी मागणी आली की त्यांनी बाकीचे गेम बाजूला ठेवून फक्त हीच बनवली. कापायच्या बायका, बारीक पात्याच्या करवतीवर, एकेक तुकडा हाताने. आणि मध्येच गंमत म्हणून बदक, चावी, असले ओळखू येतील असे आकार.

डब्यावर चित्र नसतं! नुसतं नाव आणि तुकड्यांची संख्या. वर कापणारी बाई रंगाच्या कडेकडेने कापायची, म्हणजे आकाश संपलं की तुकडाही संपला, शेजारी कोण येणार काही पत्ताच लागत नाही. त्यात बरेच तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते टेकून बसतात, त्यामुळे मी एकदा शिंकले आणि अख्खं कुंपण गेलं.

मी दोन संध्याकाळी डोकं फोडत होते. आई सातारहून आलेली, ती बघत बसली होती, मग म्हणाली सरक गं जरा, आणि सगळे तुकडे उलटे केले. तांदूळ निवडतात तसे बोटाने पुढे सारत लाकडाच्या रेषा जुळवायला लागली. प्लायवूडची मागची बाजू हो, रेषा एका तुकड्यातून सरळ दुसऱ्यात जाते! मी ओरडले, हे चीटिंग आहे. "चित्र कुठंय तुझ्याकडे, मग कशाची चीटिंग?" काय बोलणार.

शेवटी एक भोक उरलं. आम्ही सोफा उचलला, गालिचा झटकला, व्हॅक्यूमची पिशवीसुद्धा उघडली (नका उघडू कधी). मग झाकण आतून बघितलं तर कोपऱ्यात पेन्सिलीने पुसट लिहिलेलं, एक तुकडा नाही, 1934. पुठ्ठ्याचं असतं तर तसलंच दुसरं आणून भागलं असतं, पण हाताने कापलेल्याची जोडी नसते ना कुठे.

भोकाचा आकार बदकाचा आहे. नवीन कापून देणारे कारागीर आहेत, पण मी अजून कुणाला विचारलं नाहीये. आई परत गेलीये, पोचल्याचा फोन केला त्यात पहिला प्रश्न, "बदक घावलं का?"