पाणसळ

ताटातली आमटी भात ओलांडून लोणच्याकडे निघाली, की समजावं गाडी उजवीकडे कललेली आहे. दुपारचे दोन वाजलेले असतात. कोकणात, केळशीच्या अलीकडे एका आंब्याखाली कॅम्परव्हॅन उभी असते. आत दोन माणसं मांडीवर ताट सांभाळत जेवत असतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याला हे सगळं फार सुखाचं वाटतं. खरं काय ते आमटीला ठाऊक.

बिऱ्हाड चाकांवर घालून निघालेला माणूस डिझेलची काळजी करतो, पाण्याची करतो, बॅटरीची तर झोपेतही करतो. सपाट जमीन त्याच्या यादीत नसते, कारण घरी ती न मागता पायाखाली आलेली असते. एक अंशाचा उतार डोळ्यांना दिसतही नाही. पण सहा फुटांच्या बिछान्यात तो उशी आणि पायथा यांत सव्वा इंचाचा फरक पाडतो, आणि तीन अंशांना हाच फरक पावणेचार इंच होतो. डोकं चढाकडे असेल तर चालतं, उताराकडे गेलं तर सकाळी ते दगडासारखं जड. आडवा कल त्याहून वाईट. रात्रभर एक जण दुसऱ्यावर घरंगळत राहतो आणि चहा होईपर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. सिंकमधलं पाणी कोपऱ्यात तुंबून राहतं. टाकीत पंधरा लिटर असूनही पंप हवा ओढून घरघरायला लागतो, कारण पाणी पलीकडच्या भिंतीला जाऊन बसलेलं असतं. नवा माणूस मग पंप उघडतो. पंपाला काहीही झालेलं नसतं.

मोबाइलमध्ये बुडबुडा दाखवणारं अ‍ॅप असतं. असू दे. पण मोबाइल ज्या ओट्यावर ठेवायचा तो ओटा सुताराने सरळ बसवलाय हे कुणी सांगावं? त्यापेक्षा गवंड्याची पाणसळ बरी. पाच मीटर पारदर्शक नळी आणि त्यात पाव लिटर पाणी. पाण्यात आमसुलं कुस्करली की रंग लांबून दिसतो. नळी गाडीखालून पलीकडे काढायची आणि दोन्ही बाजूंना दाराखालच्या पट्टीला टेकवून धरायची. पट्टीपासून पाणी किती खाली ते दोन्हीकडे मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे गाडीचा कल. पाणसळ खोटं बोलते ती दोनच कारणांनी. नळीत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, नाहीतर एका टोकावर कुणाचा तरी अंगठा असतो.

कल कळला म्हणजे सगळं झालं असं नाही. दोन चाकांत आडवं साडेपाच फूट अंतर असतं, म्हणून तीन अंशांचा आडवा कल साडेतीन इंच उचलून मोडतो. दोन इंची दोन फळ्या, खालची तीन फुटांची, वरची दोन फुटांची, एकमेकींना ठोकून पायरी केलेली, त्यावर पहिल्या गिअरमध्ये हळूच चढवायचं. लांबीत मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांत अकरा फूट. तिथे त्याच तीन अंशांना सात इंच लागतात, आणि सात इंच फळ्यांवर गाडी चढवणं हा सर्कशीचा प्रकार झाला. तेव्हा जास्तीचा उतार नेहमी आडवा घ्यावा, लांबीचा थोडा राहू द्यावा आणि उशी चढाकडे टाकून मोकळं व्हावं. मागे दुहेरी चाकं असतील तर फळी दोन्हींखाली हवी. नाहीतर सगळा भार एकाच टायरवर येतो.

फळीऐवजी जांभ्याचा चिरा घ्यायचा मोह होतो, कारण कोकणात चिरा जिकडे तिकडे. पण तो कुणाच्या तरी गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा असतो, आणि कडेवर तीन टनांची गाडी आली की खारी बिस्किटासारखा फुटतो. चाकामागे लावलेला दगड निघताना उचलून बाजूला टाकावा. न उचलणाऱ्याला दुचाकीवाल्यांचे शाप लागतात, आणि लागायलाच हवेत. समुद्राजवळ तीन-चार दिवस मुक्काम असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. खाऱ्या हवेने ड्रम गंजतो, ब्रेकशू त्याला चिकटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची, चारी बाजूंनी दगड, हँडब्रेक सोडलेला.

खरी अडचण ही, की कोकणात सपाट असं काही नसतंच. जे आहे ते कुणीतरी केलेलं आहे. घरसुद्धा उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी बसतं: अंगणापेक्षा पडवी वर, पडवीपेक्षा ओटी, ओटीपेक्षा माजघर. आणि इतकं करूनही मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. माजघरातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गोटी ठेवली की ती आधी विचार करते, मग ठरलेल्या वाटेने निघते आणि भाताच्या कणगीखाली जाते. दरवर्षी त्याच कणगीखाली. आजी म्हणायची, घर पाण्याकडे बघतंय. त्या कणगीखाली मागल्या दोन पिढ्यांच्या गोट्या असणार.

शेत मात्र अचूक सपाट. चिखलणी करून खाचरात पाणी बांधलं की उंचवटा आपोआप वर डोकं काढतो. त्यावर फळी फिरवली की तो खाली बसतो. पाच गुंठ्यांची पाणसळ. कापणीनंतर हे खाचर रिकामं दिसतं आणि कॅम्परव्हॅनवाल्याचे डोळे लकाकतात. जवळ जाऊन बघावं. उरलेल्या ओलीवर कुळीथ नाहीतर वाल वर आलेले असतात.

मग खळं. सारवलेलं, गडगा घातलेलं, विहीर हाताशी. पण एप्रिलमध्ये तिथे आमसुलं वाळत असतात आणि त्यांच्यावर गाडीची सावली पडलेली कुणालाच चालत नाही. वाडीत माडाखाली जागा मिळते. सुखाची सावली, पण त्याच सावलीत छतावरचं सोलर मरतं. २०० वॅटचं पॅनेल मार्चच्या उन्हात दिवसाला साधारण ८०० वॅट-तास देतं, म्हणजे छोटा फ्रिज, दोन पंखे आणि दिवे निघतात. झावळीची एक पट्टी पॅनेलवर पडली तरी हा हिशेब कोलमडतो. शिवाय पन्नास फुटांवरून सुकलेला नारळ पडला तर काच विम्यात बसते की नाही, हा वाद वेगळाच. वाडीत एक मात्र सोय. भांड्यांचं पाणी कुठे ओतू, असं विचारलं की घरधनीण केळीचं आळं दाखवते. साबण बेताचा असला तर केळीची तक्रार नसते. पऱ्यात, म्हणजे ओढ्यात मात्र ओतायचं नाही. खालच्या वाडीची माणसं तेच पाणी वापरतात.

देवळाचं पटांगण उत्तम. गुरवाला विचारून लावावी. फाल्गुनात मात्र आधी विचारायचं, इथला शिमगा तेरशा की भद्रा? त्रयोदशीचा की पौर्णिमेचा? पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर बसते ती रात्री उशिरा, ढोल-ताशे घेऊन, आणि तिला नाचायला अख्खं पटांगण लागतं. त्या वेळी फळ्यांवरून गाडी उतरवत बसणाऱ्याकडे गाव ज्या नजरेने बघतं, ती टाळलेली बरी.

पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, संध्याकाळी सहाला क्रिकेटच्या मैदानासारखी दिसते, पौर्णिमेला तर फारच. इथे पाणसळ उपयोगाची नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. म्हणजे सहाला जे मैदान दिसलं ती उधाणाची ओहोटी, आणि रात्री बाराला लाटा दाराशी. पाण्यासाठी नाही तरी कासवासाठी गाडी मागे ठेवावीच. वेळासला, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि जिथे उजेड तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचाच होता. आता एखाद्या व्हॅनच्या दारावरचा दिवाही त्यांना पुरतो.

राहिला सडा. उक्षी, बारसू, कशेळी. मैलभर सपाट कातळ, गाडी कुठेही उभी करा, आमटी हलणार नाही. पण ती जागाही हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी घेऊन ठेवली आहे. कशेळीला एवढा मोठा हत्ती कोरलाय, की त्याच्या पोटात दुसरी जनावरं मावली आहेत. जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, आणि चाक नेमकं सोंडेवर जातं. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. सड्यावर ठिकठिकाणी त्यांच्याभोवती चिऱ्यांचा बांध घातलेला दिसतो. तो दिसला नाही तरी गाडी डांबरावरच ठेवावी आणि आत चालत जावं.

मग उरते जंगलजेटी. वेसवीहून बागमांडल्याला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, गाड्यांसकट खाडी ओलांडून देणारी. चढताना भरती बघावी. ओहोटीला उतार इतका तिरका होतो, की लांब शेपटाच्या व्हॅनचं मागचं टोक घासतं आणि पहिला बळी सांडपाण्याचा पाइप. गॅसची टाकी बंद, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. मधोमध आलं की नळीच्या दोन्ही टोकांचं आमसुली पाणी जरा डुलतं आणि बरोबरीला येतं. चहा टाकावा असं वाटतं, पण गॅस बंद केलेला असतो, आणि एवढ्यात धोपाव्याचा धक्का येतो, मागचा टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागतो.