आधी मालक शोधा

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, पाठोपाठ स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून फोनही आला. मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन यावर बाकीची मंडळी लिहितीलच. मी फक्त बाईंबद्दल लिहिणार. कोणत्या बाई, हे सांगायला नको. आपल्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिका बऱ्याच होऊन गेल्या, 'बाई' एकच.

आमचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेलं, त्यामुळे आठवीतही सगळे चाचपडतच होतो. नामाची षष्ठी शिकवायला बाईंनी व्याकरणाचं पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर 'ठाणे' लिहिलं आणि विचारलं, "ठाणेचा की ठाण्याचा?" मराठीत प्रत्यय लागण्याआधी नावाचं रूप बदलतं, शिवाय चा-ची-चे वस्तू बघून ठरतं. इंग्रजीत ही कटकट नाही. "आधी मालक शोधा. मालक एकटा असला, तर त्याचं नाव पुरं लिहा, अक्षराला हात लावू नका. मग वर ॲपॉस्ट्रॉफी आणि पुढे एस." म्हणून 'लेडी'चा वाय अनेकवचनात जातो, पण एका लेडीची पर्स लिहिताना जागचा हलत नाही. आणि 'मदर-इन-लॉ'ची साडी असेल, तर एस 'लॉ'ला लागतो, 'मदर'ला नाही.

पंचाईत झाली विलासची. नावाच्या शेवटी आधीच एस! त्याने वहीवर नुसती खूण दिली. बाई म्हणाल्या, "तोंडाने 'विलासेस बुक' म्हणतोस ना? मग तो एस कागदावर का नको?"

"पेपरात नुसती खूण देतात, बाई."

"देतात. काही जण तसंच लिहितात, ते चूक नाही. पण नुसती खूण बघून एखाद्याला वाटेल, 'विला' नावाची पुष्कळ मुलं आहेत आणि ही त्या सगळ्यांची वही."

वर्ग जो हसला! तेव्हापासून विलासचा विला झाला तो कायमचा. मग बाईंनी लंडनच्या सेंट जेम्सेस पार्कचं स्पेलिंग फळ्यावर लिहून दाखवलं, जेम्सनंतर आणखी एक एस असलेलं. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानाच्या नावात मात्र नुसतीच खूण आहे, हे मला अलीकडे मुलामुळे कळलं. बाईंना सांगायला हवं.

मी आज बेलापूरला एका कंपनीत करारांचे मसुदे तपासतो. ती खूण एसच्या आधी की नंतर, यावर जबाबदारी एका कंपनीची की अनेकांची हे ठरतं. इंग्रजी माध्यमातून आलेली हुशार मुलं तिथे अडखळतात, मी अडखळत नाही. याचं श्रेय सर्वस्वी बाईंचं. मराठी माध्यमाच्या तुकड्या आता कमी होत चालल्यात. मराठीच्या आधाराने इंग्रजी शिकवणारं असं कोणी यापुढे कुठून मिळणार?

विलाचं वाशीला स्टेशनरीचं दुकान आहे. इंग्रजी पाटी रंगवताना पेंटरने शेवटचा एस गाळला होता. विलाने जादा पैसे मोजून तो घालून घेतला.