दस्त्याची मूठ ओळखताना : तिसऱ्या महिन्याची नोंद

शिकारी बंदुकीच्या दस्त्याची, म्हणजे मागच्या लाकडी भागाची, मूठ (चापामागे हात धरतो ती जागा) कुठल्या प्रकारची हे ओळखायला शिकतोय. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की सरळ मूठ आणि पिस्तुलासारखी खाली वाकलेली पिस्तूल मूठ फोटोवरून वेगळी काढता येते, पण मधले प्रकार आले की गोंधळ उडतो. या महिन्यात तो बराच सुटला. लाकडाकडे बघणं कमी केलं आणि लोखंडाकडे बघायला लागलो, हे त्याचं कारण.

सुरुवात मामांच्या बंदुकीपासून झाली. सावंतवाडीजवळ त्यांची बाग आहे, पीक संरक्षणाचा परवाना आहे, आणि आजोबांच्या वेळची बर्मिंगहॅमची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आहे. बॉक्सलॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा नळ्यांमागच्या लोखंडी पेटीत असलेली, अँसन आणि डीली यांच्या १८७५ च्या पेटंटच्या घराण्यातली. मामांनी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवलं, मगच माझ्या हातात दिली.

मूठ सरळ. चापाभोवतीच्या गार्डपासून मागे दस्त्याच्या टोकापर्यंत खालची रेघ कुठेही फुगत नाही. चाप दोन आहेत. "पुढचा ओढलास की हात जरा मागं येऊ दे," मामा म्हणाले. रिकाम्या बंदुकीवर हात नुसता सरकवून पाहिला आणि तेव्हा खरं कळलं. पुढच्या चापावरून मागच्यावर जाताना सगळा पंजा दोन-अडीच सेंटीमीटर मागे येतो. तिथे पिस्तूल मुठीचा फुगवटा असता तर हात अडकला असता. इंग्रजी दुनळीवर सरळ मूठ इतकी का दिसते, याचं उत्तर त्या सरकण्यात आहे. एक चाप असलेल्या बंदुकीला ही गरजच उरत नाही, म्हणून तिथे पिस्तूल मूठ सुखाने नांदते.

मग बंदूक उलटी धरून गार्डची शेपटी पाहिली. ट्रिगर गार्डच्या मागून निघणारी ही पट्टी लाकडात बसवलेली असते आणि मुठीचा आकार तिच्यात उतरतो. सरळ मुठीवर ती लांब आणि सपाट जाते, पिस्तूल मुठीवर वाकाबरोबर वाकते. मामांच्या बंदुकीवर शेपटीवर नंबर कोरलेला आहे आणि तो अ‍ॅक्शनवरच्या, म्हणजे त्या लोखंडी पेटीवरच्या, नंबराशी जुळतो. स्क्रूंच्या खाचा नळ्यांना समांतर, एका रेषेत. चांगल्या इंग्रजी कामाची ही खूण. खाच तिरकी दिसली तर कोणीतरी तो स्क्रू नंतर फिरवला आहे असं समजून पुढे बघायचं.

हे कळल्यावर जुन्या नोंदी पुन्हा काढल्या आणि एक चूक सापडली. लिलावाच्या कॅटलॉगमधली एक साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली बंदूक) मी "मूळ सरळ" म्हणून लिहिली होती. फोटो मोठा करून पाहिला तर शेपटीवरच्या वेलबुट्टीचं पान मध्येच तुटलेलं, शेवटच्या स्क्रूची खाच तिरकी, आणि शेपटीच्या टोकापुढे वेगळ्या रंगाच्या लाकडाची बारीक चीप. चेकरिंगची, म्हणजे पकडीसाठी मुठीवर कोरलेल्या चौकड्यांची, खालची किनारही एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड. पिस्तूल मूठ तासून सरळ केलेली असणार. आता नोंद अशी आहे : "बहुधा मूळ पिस्तूल, नंतर बदल."

मधल्या प्रकारांसाठी ट्रेसिंग पेपर वापरतोय. बाजूने काढलेल्या फोटोवर तो ठेवून पुढचा चाप आणि मुठीचं खालचं टोक, असे दोन बिंदू जोडायचे. पूर्ण पिस्तूल मुठीत वाक गार्डच्या लगेच मागे खाली उतरतो, अंतर कमी भरतं, आणि टोक सपाट असतं. त्यावर शिंगाची, एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) किंवा पोलादाची टोपी. प्रिन्स ऑफ वेल्स मुठीत वाक उघडा, उशिरा उतरणारा, आणि शेवटी टोपीशिवायची गोल गाठ. अमेरिकेत मेरिडनच्या पार्कर या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे सरळ, अर्धी आणि पूर्ण अशी निवड असे. विक्रेते हल्ली कुठल्याही अर्ध्या मुठीला "प्रिन्स ऑफ वेल्स" म्हणतात, ते मला पटत नाही. गोल गाठ स्पष्ट दिसत नसेल तर मी "अर्धी" एवढंच लिहितो.

झूल (Suhl) या गावच्या जर्मन बंदुका चटकन ओळखू येतात : पिस्तूल मूठ, शिंगाची टोपी, कित्येकदा गार्डही शिंगाचा.

ब्राउनिंग सुपरपोझ्ड या एकावर एक नळ्या असलेल्या बंदुकीवर मात्र तीन संध्याकाळी गेल्या. १९३१ मध्ये बाजारात आलेल्या या बंदुकीत मुठीवरून काळाचा अंदाज बांधता येतो. जुन्यांना गोल गाठ आणि लांब शेपटी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सपाट टोक येतं आणि शेपटी आखूड होते. याच सुमारास, पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, काही दस्त्यांचं लाकूड मिठात सुकवलं गेलं आणि ते आतून लोखंड खातं. म्हणून सपाट टोक दिसलं की मी आधी दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या बट प्लेटच्या स्क्रूंभोवती गंज शोधतो. फोटोत तो दिसला नाही म्हणून लाकूड निर्दोष ठरत नाही; खात्री हवी तर प्लेट काढून आतल्या लाकडावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकावा लागतो, मीठ असेल तर पांढरं उमटतं.

पुढच्या महिन्यात ब्राउनिंगचीच ऑटो-५ ही बंदूक अभ्यासाला घेतोय. तिच्यातही गोल आणि सपाट गाठीचा असाच फेर आहे. कोणाकडे फोटो असतील तर कॅमेरा दस्त्याच्या बरोबर समोर धरून काढलेले पाठवा, आणि एक फोटो खालून, गार्डची शेपटी टोकापर्यंत दिसेल असा.